बावीस श्रुतींचीं यंत्रें : कारधा येथील एका पेटीच्या निमित्तानें

भंडारा शहर वैनगंगेच्या पश्चिम तीरास आणि कारधा हें गांव पूर्व तीरास. नागपुराहून रायपुराकडे जाणारा हमरस्ता येथें नदी ओलांडतो. गेल्या कार्तिक महिन्यांत कांहीं जुन्या सनदांचा पत्ता लागल्यावरून आम्ही कारध्यास गेलों होतों. सनदा मिळाल्या नाहींत. ज्या पेटाऱ्यांत त्या होत्या असें सांगण्यांत आलें, त्यांत वाळवीची माती व बांधणीचे दोनचार दोरे एवढेंच उरलें होतें. परंतु त्याच घरीं रात्रीं भजन होतें, व त्या भजनांत एक गोष्ट ध्यानांत आली, तिच्यामुळें प्रस्तुत लेख लिहावा असें वाटलें.

भजनास मृदंग, टाळ व एक जुनी हातपेटी होती. पेटी वाजविणारे बुवा सत्तरीच्या पुढचे. गाणाऱ्यानें काळी एक धरली होती आणि त्या षड्जावर पेटीचा गांधार इतका निवळ लागत होता कीं, बाजारांतून घेतलेल्या पेटीचा तसा सहसा लागत नाहीं. पुढें गाणारा बदलला. त्यानें पांढरी दोन मागितली, आणि तीच पेटी एकाएकीं बेसूर वाटूं लागली. आम्हीं बुवांस कारण विचारलें. ते हंसले आणि म्हणाले, "महाराज, ही पेटी काळी एकच्या घरची आहे. दुसऱ्याच्या घरीं तिला करमत नाहीं." दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं पेटीचें झाकण काढून आंतील सर्व रचना आम्हांस दाखविली.

पेटींत सूर देणारा भाग म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. तिचें एक टोंक पितळेच्याच पट्टीवर घट्ट ठोकलेलें असतें, दुसरें मोकळें असतें. भात्याची हवा तिच्या फटींतून गेली म्हणजे ती कांपते व सूर निघतो. पेटीवाले तिला रीड म्हणतात. सूर चढवावयाचा असल्यास मोकळ्या टोंकाशीं कानस लावून जीभ हलकी करावयाची; उतरवावयाचा असल्यास मुळाशीं खरवडून ती नरम करावयाची. खरवडलेलें पितळ परत येत नाहीं, म्हणून कानशीचा प्रत्येक ओरखडा तेथेंच राहतो. बुवांच्या पेटींत पांढरी चार ही पट्टी, जी काळी एकच्या सप्तकांत शुद्ध गांधार होते, तिच्या दोनही रीडा मुळाशीं खरवडलेल्या आढळल्या. काळी पांच, म्हणजे त्याच सप्तकांतील शुद्ध धैवत, तिच्याही तशाच. हें काम बुवांनीं स्वतः, तरुणपणीं, कानावर भरंवसा ठेवून केलें होतें. पोथीच्या पानावर हरताळ लावून एखादें अक्षर बदललेलें दिसलें म्हणजे संशोधक तेथें थांबतो. येथेंही तसेंच थांबणें प्राप्त होतें. कारण हा ओरखडा म्हणजे मूळ पाठ अमान्य करून कोणीं तरी घातलेला पाठभेदच होय.

भंडाऱ्याचा आणि पितळेचा संबंध जुना आहे. तेथील पितळी भांड्यांचा धंदा प्रसिद्धच आहे, व गांवाचें नांवही 'भाणें' या शब्दावरून आलें असें सांगतात. रतनपूर येथील जाजल्लदेवाच्या कलचुरि संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४, च्या शिलालेखांत भाणार हें नांव येतें; तें भंडाऱ्याचेंच असें विद्वान् मानतात. स्थलनिश्चिति आम्हांस ग्राह्य वाटते, व्युत्पत्ति तितकीशी नाहीं. अशा व्युत्पत्तींच्या नादीं लागल्यास या जिल्ह्यांत वैनगंगेस मिळणाऱ्या नदीचें नांव 'सूर' आहे, यावरूनही कोणी संगीताचा इतिहास रचील! तो मोह टाळून आपण पितळेच्या जिभेकडेच वळूं.

बुवांनीं काय केलें तें आंकड्यांत मांडलें म्हणजे पुढचा वाद समजण्यास सोपें जाईल. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरूं. षड्जाशीं ५:४ या प्रमाणांत असणारा गांधार ३०० कंपनांचा होतो. तंबोरा नीट जुळला असतां षड्जाच्या तारेंतून जो गांधार आपोआप ऐकूं येतो तो हाच. पाश्चात्य पद्धतीनें सप्तकाचे बारा सारखे भाग केले असतां मात्र गांधार सुमारें ३०२.४ वर जातो. फरक थोडा दिसतो, पण दोन सूर एकत्र वाजले कीं कानास थरथर जाणवते. बुवांनीं ती थरथर काढून टाकली. परंतु पांढरी दोन षड्ज धरली म्हणजे तीच पांढरी चार कोमल गांधार होते. कोमल गांधार ६:५ या प्रमाणानें २८८ हवा. बारा सारख्या भागांत तो २८५.४ येतो, म्हणजे मुळांतच उतरलेला. आणि बुवांच्या कानशीनंतर तो २८३ च्या आसपास आला. एका घरचा गांधार सुधारला तो दुसऱ्या घरचा बिघडवून. बारा पट्ट्यांच्या पेटीस यांतून सुटका नाहीं. सर्वांचे षड्ज सांभाळावे तर कोणाचाच सूर पुरा खरा राहत नाहीं. एकाचा खरा करावा तर बाकीच्यांनीं उठून जावें.

या अडचणींतून मार्ग काढण्यासाठीं ज्यांनीं यंत्रें रचिलीं त्यांची परंपरा आपल्या देशांत आहे, आणि तिचा पहिला मोठा टप्पा महाराष्ट्रांतच पडतो. शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरचा. आजोबा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेंत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेंत होता, आणि शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाचा प्रमुख, म्हणजे हिशेब व दप्तर यांचा अधिकारी होता. संगीतरत्नाकर हा त्याचा ग्रंथ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांत बावीस श्रुति सिद्ध करण्यासाठीं त्यानें दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन वीणा सर्व प्रकारें सारख्या घ्याव्या व प्रत्येकीस बावीस तारा लावाव्या. पहिली तार जितकी खालीं लागेल तितकी लावावी, दुसरी तिच्याहून किंचित् उंच, परंतु इतकीच कीं दोहोंमध्यें तिसरा ध्वनि शिरूं नये, याप्रमाणें बाविसापर्यंत. चौथ्या तारेवर षड्ज, सातव्या तारेवर ऋषभ, नवव्या तारेवर गांधार, तेराव्या तारेवर मध्यम, सतराव्या तारेवर पंचम, विसाव्या तारेवर धैवत आणि बाविसाव्या तारेवर निषाद. एक वीणा अचल ठेवावयाची, ती ध्रुववीणा. दुसरी चलवीणा, तिचे स्वर एकेक श्रुतीनें उतरवीत जावयाचे. दुसऱ्या उतरणींत तिचे गांधार व निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ व धैवत यांत मिळतात. तिसऱ्या उतरणींत ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचम यांत मिळतात. चौथ्या उतरणींत षड्ज, मध्यम व पंचम हे अनुक्रमें निषाद, गांधार व मध्यम यांत लीन होतात.

भरतानें हाच प्रयोग दोन वीणांवर पूर्वीं सांगितला होता. बावीस बावीस तारांची योजना करून त्याला यंत्राचें रूप देणें ही शार्ङ्गदेवाची करामत होय. दप्तरदाराची बुद्धि येथें स्पष्ट दिसते: एक नोंदवही कायम, दुसरींत खर्च टाकीत जावयाचें, आणि दोहोंचा मेळ घालून बाकी काढावयाची. परंतु या प्रयोगांत एक गोष्ट मुळींच नाहीं, व पुढच्या सर्व वादाचें मूळ तिच्यांत आहे. तार कोठें दाबावी, तिची लांबी किती, एका श्रुतीचें दुसरीशीं प्रमाण काय, याचें कोणतेंही माप शार्ङ्गदेव देत नाहीं. 'मध्यें तिसरा ध्वनि शिरूं नये' ही त्याची एकच कसोटी, आणि ती कानाची आहे. चव्वेचाळीस तारा एकदम सुरांत राखणें किती कठीण, हें ज्यानें चार तारांचा तंबोरा पावसाळ्यांत जुळविला आहे त्यास सांगावयास नको.

माप प्रथम आलें तें यानंतर चार शतकांनीं, आणि तें पहिल्यानें मांडणाऱ्यांपैकीं एक जण गोंड राजा होता. कारध्याच्या घाटावर उभें राहून नदीच्या वरच्या अंगास पाहिलें तर त्याचा मुलूख फार दूर नाहीं. वैनगंगा सिवनी जिल्ह्यांत उगम पावते, व मंडल्याकडून येणारी थांवर नदी तिला मिळते. म्हणजे गढा-मंडल्याच्या डोंगरांचें पाणी कारध्यावरून वाहतें. त्या गढ्याचा राजा हृदयनारायण देव, ज्यास इतिहासांत हृदयशाह म्हणतात, त्याचें राज्य सतराव्या शतकाच्या मध्याचें व उत्तरार्धाचें. नर्मदेच्या कांठीं रामनगर येथें त्याचे वाडे अद्याप उभे आहेत आणि तेथील संवत् १७२४, म्हणजे इ. स. १६६७, च्या शिलालेखांत त्याच्या घराण्याची लांबलचक वंशावळ आहे. त्या वंशावळीवर इतिहासकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली. त्यानें लिहिलेल्या 'हृदयकौतुक' व 'हृदयप्रकाश' या संगीतावरील दोन ग्रंथांकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचें लक्ष कमीच गेलें. ते ग्रंथ मिळवून छापविण्याचें श्रेय पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचें.

हृदयप्रकाशांत वीणेच्या तारेची लांबी वांटून स्वरांचीं स्थानें दिलीं आहेत. हीच रीत अहोबलाच्या संगीतपारिजातांतही आहे. दोहोंत आधीचा ग्रंथ कोणता याविषयीं मतभेद आहेत, त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. रीत अशी: तार ३६ अंगुळें धरूं. तिच्या बरोबर अर्ध्यावर, म्हणजे १८ वर, तार षड्ज. दोन षड्जांच्या मध्यावर, २७ वर, मध्यम. तारेचे तीन भाग करून पहिल्या भागाच्या शेवटीं, २४ वर, पंचम. षड्ज व पंचम यांच्या मध्यावर, ३० वर, गांधार. त्याच अंतराचे तीन भाग करून पहिल्याच्या शेवटीं, ३२ वर, ऋषभ. पंचम व तार षड्ज यांमधील अंतराचे तीन भाग करून दुसऱ्याच्या शेवटीं, २० वर, निषाद. षड्जाचीं कंपनें २४० घेतलीं तर ऋषभ २७०, गांधार २८८, मध्यम ३२०, पंचम ३६० व निषाद ४३२ होतो. वाचकांच्या लक्षांत येईलच कीं, येथला शुद्ध गांधार व शुद्ध निषाद हे आपण आज ज्यांस कोमल म्हणतों ते आहेत. म्हणजे त्या काळचें शुद्ध सप्तक आजच्या काफी थाटाचें. आणि २८८ हा आंकडा आपण वर पाहिलाच आहे: पांढरी दोनच्या गाणाऱ्यास बुवांच्या पेटींत जो मिळाला नाहीं तोच हा सूर.

राहिला धैवत. पंचम व तार षड्ज यांच्या 'मध्यें' धैवत, असें सांगितलें आहे. 'मध्यें' म्हणजे बरोबर मध्यावर असा अर्थ घेतला तर तार २१ अंगुळें व कंपनें ४११ आणि तीन सप्तमांश येतात. असा धैवत ऋषभाशीं संवाद करीत नाहीं. 'मध्यें' म्हणजे दोहोंच्या दरम्यान कोठें तरी असा अर्थ घेतला, आणि ऋषभापासून पंचमाच्या अंतरावर तो ठेविला, तर तार २१ आणि एक तृतीयांश अंगुळें व कंपनें ४०५ येतात. एका 'मध्य' शब्दाच्या अर्थावर सहा साडेसहा कंपनांचा फरक पडतो! आमच्या मतें दुसरा अर्थ घेणें योग्य. कारण ज्या राजानें बाकीचे सहा स्वर इतक्या सरळ वांटणीनें दिले त्याचा कान संवाद ओळखत नव्हता, असें मानणें त्याला अन्याय करणारें होईल. तथापि हा अर्थ आहे, मूळ अक्षर नव्हे, हें विसरतां कामा नये.

आतां विसाव्या शतकाच्या आरंभाकडे येऊं. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरींतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति या विषयावर १९१० मध्यें इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. संगीतरत्नाकर कल्लिनाथाच्या टीकेसह पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ मध्यें छापला होता, त्यामुळें मूळ ग्रंथ त्यांच्या पिढीस हातीं धरतां येत होता. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताच्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथाचें एलिसकृत इंग्रजी भाषांतरही १८७५ पासून उपलब्ध होतें. परंतु देवलांनीं ग्रंथांवर भागविलें नाहीं. किराना घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापिलें. त्यांच्या गळ्यांतून निघणारे सूर देवलांनीं तारेच्या मापानें पारखले. शार्ङ्गदेवाच्या दोन वीणांचा प्रयोग, एक वीणा काढून तिच्या जागीं गवई बसवून, त्यांनीं पुन्हां केला असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं.

यांतून ठरलेलीं बावीस प्रमाणें एका पेटींत उतरावीं अशी पुढची कल्पना. या कामीं देवलांचे साथीदार ई. क्लेमंट्स, हे मुंबई इलाख्यांतील सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश. त्यांचें हिंदी संगीताच्या अभ्यासावरील पुस्तक १९१३ चें. पेटी तयार झाली ती लंडनमध्यें, एच. कीथ मूर या वाद्यकाराच्या हातून, १९११ च्या सुमारास. हिचें नांव श्रुति-हार्मोनियम. देवगिरीच्या बावीस श्रुति लंडनच्या कारखान्यांत घडाव्या यांत कोणास विपरीत वाटेल. परंतु तेथें अशा पेट्यांचा पूर्वाभ्यास होता. बोझांके नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें सप्तकाचे ५३ भाग देणारी पेटी १८७० नंतरच्या दशकांत बनविली होती, आणि १८७७ मध्यें त्यानें हिंदूंच्या सप्तकविभागणीवर निबंधही लिहिला होता. मूळ हार्मोनियम तरी कोठची? पॅरिसच्या दबॅं याची, १८४२ ची. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं तिला खालीं बसून एका हातानें भाता व दुसऱ्यानें पट्ट्या चालवितां येतील असें रूप दिलें, म्हणून ती कारध्याच्या भजनापर्यंत पोहोंचली.

मार्च १९१६ मध्यें बडोद्यास सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या आश्रयाखालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्या उभारणींत भातखंड्यांचा मोठा वांटा होता. तेथें श्रुतींच्या प्रश्नावर चर्चा झाली, क्लेमंट्स यांनीं आपला पक्ष मांडला, व पेटीची परीक्षा झाली. परिषदेनें देवल-क्लेमंट्स यांचें मत मान्य केलें नाहीं. भातखंडे हे व्यवसायानें वकील. ग्रंथकाराच्या शब्दांत जें माप नाहीं तें त्याच्या नांवावर चढवूं नये, आणि आजचें गाणें आजच्या गवयांवरून ठरवावें, असा त्यांचा रोख. (श्रीकरणाधिकारी, डेप्युटी कलेक्टर, न्यायाधीश आणि वकील! श्रुतींचा खटला शतकानुशतकें दप्तरी माणसांच्याच कचेरींत चालला, आणि साक्षीदार म्हणून तेवढे गवई बोलावले गेले.)

या वादांत आमचें मत असें आहे. भातखंड्यांचा मुख्य आक्षेप खरा. देवलांची पेटी ही रत्नाकराचें वाचन म्हणून टिकत नाहीं. शार्ङ्गदेवाचे शब्द तेराव्या शतकाचे, तारेचीं मापें सतराव्या शतकाचीं, ५:४ व ६:५ या प्रमाणांचें शास्त्र एकोणिसाव्या शतकाचें, आणि पारखलेला गळा विसाव्या शतकाचा. या चारी गोष्टी एका पेटींत बसवून तिच्यावर पहिल्याचेंच नांव घालणें म्हणजे चार हातांनीं लिहिलेली बखर एकाच लेखकाची ठरविण्यासारखें आहे. परंतु त्यावरून पेटीच निकामी, असें जें पुढें धरून चालण्यांत आलें तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. रत्नाकराची साक्ष म्हणून ती खोटी. १९१० च्या सुमाराच्या एका थोर गवयाच्या गळ्याची आणि तो मोजणाऱ्या कानाची साक्ष म्हणून ती अस्सल आहे. खांसाहेबांच्या तबकड्या आज ऐकावयास मिळतात, ही गोष्ट वेगळी. तबकडींत गाणें आहे. पेटींत, ऐकणाऱ्यानें त्या गाण्यांतून काय निवडलें, तें आहे. दोनही साधनें जपण्यासारखीं, आणि एकाचें काम दुसरें करीत नाहीं.

श्रुतिपेटी चालली नाहीं, याचें कारण केवळ परिषदेचा निकाल हें नव्हे. बारा पट्ट्यांची संवय झालेल्या बोटांस अधिक पट्ट्या अवघड जातात. आणि रागांत सूर एका बिंदूवर उभा नसतो. दरबारीचा गांधार झुलतो, तोडीचा ऋषभ वरून खालीं ओघळतो. बावीस खिळे ठोकल्यानें झोपाळा स्थिर होईल, पण मग तो झोपाळा राहणार नाहीं. पुढें १९४० मध्यें आकाशवाणीनें हार्मोनियमवर बंदी घातली ती याच आक्षेपांवरून, आणि साथीपुरती ती सैल झाली १९७१ मध्यें. मधल्या तीस वर्षांत गांवोगांवचीं भजनें व झाडीपट्टींतील नाटकें पेटीवरच चाललीं होतीं, ही गोष्ट बंदी घालणाऱ्यांच्या कानीं गेली असावी असें वाटत नाहीं.

यंत्र सुधारण्याची धडपड मात्र थांबली नाहीं. नागपुरास जन्मलेले पंडित मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनीं पेटीस स्वरमंडळाच्या तारा जोडून तिला 'संवादिनी' हें नांव दिलें आणि साथीच्या वाद्यास स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविलें. तारांचा झंकार पेटीच्या कोरड्या सुरामागें राहिला म्हणजे कान फसतो, आणि तें फसणें गोड असतें. मुंबईकडील डॉक्टर विद्याधर ओक यांनीं श्रुतींचा प्रश्न पुन्हां हातीं घेऊन बावीस श्रुतींची पेटी केली. तिची युक्ति देवलांच्या पेटीहून सोपी आहे. पट्ट्या बाराच, षड्ज व पंचम अचल, उरलेल्या दहांपैकीं प्रत्येकीस दोन सूर, आणि रागाप्रमाणें त्यांतील कोणता घ्यावयाचा तें आधींच खटक्यानें ठरवावयाचें. दोन आणि दहा दुणे वीस, मिळून बावीस. बोटांस नवें कांहीं शिकावें लागत नाहीं. ही बावीसची संख्या शार्ङ्गदेवाच्या बाविसाशीं जुळते, पण ती ज्या वाटेनें येते ती वाट निराळी आहे, हें येथेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

वाद्यें जमविणारे संग्राहक आपल्याकडे झाले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं आपल्या संग्रहांत मोराच्या आकाराचीं व अन्य घाटांचीं वाद्यें आस्थेनें आणून ठेविलीं. तीं त्यांनीं आणिलीं नसतीं तर आज पाहावयास मिळालीं नसतीं. परंतु सामान्यतः संग्राहकाची नजर वाद्याच्या कांठाकडे, हस्तिदंताकडे व कोरीव पक्ष्यांकडे जाते. सूर ज्या भागांत असतो तो भाग ओबडधोबड असतो: घोडीवरील तारेची घासलेली खोबण, पडद्यांखालीं दोरा बांधल्याच्या खुणा, पेटींतील रीडांवरचे ओरखडे. आणि दुरुस्तीच्या नांवाखालीं पहिल्यानें नाहींसा होतो तोच. मिरजेस फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्यानें हत्यारें पाजळण्याचा धंदा सोडून तंबोरे करण्याचा धरला, त्या घराण्यांतील कारागीर घोडी घासून जवारी काढतात. त्यांनीं नवी जवारी काढली कीं जुनी गेली. ती कशी होती हें सांगणारा कागद कोठेंही नसतो. जुनें वाद्य हातीं आल्यास वाजतें करण्यापूर्वीं पडद्यांचीं अंतरें, तारेची मोकळी लांबी व रीडांवरील खुणा टिपून घ्याव्या, असें संग्राहकांस आमचें सांगणें आहे. पूर्वीं हें काम जिकिरीचें होतें. आज सुराचीं कंपनें हातांतील मोबाईलवर आंकड्यांत दिसतात.

कारध्याच्या पेटीचें आम्हीं तसेंच टिपण केलें. मंद्र, मध्य व तार अशा तीनही सप्तकांत पांढरी चार व काळी पांच यांच्या रीडा खालून खरवडलेल्या आहेत. मध्य सप्तकांतील ओरखडे सर्वांत खोल आहेत, व तार सप्तकांतील एका रीडेवर मुळाशीं व टोंकाशीं दोनही ठिकाणीं कानस लागली आहे. म्हणजे तेथें बुवांनीं सूर अधिक उतरविला, चूक कळली, व पुन्हां चढविला. हें त्यांस दाखविलें तेव्हां त्यांनीं ती रीड उजेडांत धरून पाहिली आणि "त्या दिवशीं गुरुजी रागावले होते" एवढेंच म्हटलें.

माघांतील सप्ताहापूर्वीं ही पेटी भंडाऱ्यास दुरुस्तीस जावयाची आहे. घरांतील तरुण मंडळींस ती सर्व पट्ट्यांत सारखी वाजणारी हवी आहे, आणि त्यांची मागणी गैर नाहीं. गाणारे आतां अनेक आहेत व काळी एकचा गळा एकच होता. जुन्या रीडा काढून नव्या बसविल्या जातील. काढलेल्या रीडा मोडींत न घालतां, पट्टीच्या क्रमानें दोऱ्यांत ओंवून आमच्याकडे पाठविण्याचें बुवांनीं कबूल केलें आहे.